सहा वर्षं मायनस २० वर राहिलेल्या सीरमवर ऑटोअँटिबॉडी मोजाव्यात का?

तुमची अडचण मला अशी समजली. २०१८-१९ मध्ये ओपीडीत आलेल्या ल्युपस आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारांच्या रुग्णांचं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा निवळ द्रव) विभागाच्या डीप फ्रीझरमध्ये मायनस २० अंशांवर पडून आहे. त्यातल्या काही नळ्या मधल्या काळात दुसऱ्या कामांसाठी बाहेर काढून परत ठेवल्या गेल्या. आता त्यावर स्वतःच्याच शरीराविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे ऑटोअँटिबॉडी, मोजायच्या आहेत: एएनए (पेशीकेंद्राविरुद्धच्या), अँटी-डीएसडीएनए (दुपदरी डीएनएविरुद्धच्या), अँटी-सीसीपी (ऱ्हुमॅटॉइडमधल्या) आणि आरएफ (ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर). जमलं तर सी३-सी४ ही कॉम्प्लिमेंट प्रथिनं आणि ल्युपस अँटिकोआग्युलंटही. तुलनेसाठी निरोगी माणसांचं सीरम या महिन्यातल्या रक्तदान शिबिरातून घ्यायचं ठरलंय. आणि गाईडनी विचारलंय की इतक्या वर्षांनी अँटिबॉडी शिल्लक तरी असेल का.

शिल्लक असेल. आयजीजी या अँटिबॉडींच्या मुख्य वर्गाची तर बहुतेक सगळी असेल. मला काळजी वाटते ती शिबिराच्या वाक्याची, आणि ती का, हे नीट सांगायचं तर आधी फ्रीझरमध्ये सीरमचं काय होतं ते पाहायला हवं.

आयजीजी हा चिवट रेणू आहे. साधारण दीड लाख डाल्टनचं हे प्रथिन डायसल्फाइड बंधांनी आतून घट्ट बांधलेलं असतं. शरीरात ३७ अंशांवर त्याचं अर्धायुष्य तीन आठवड्यांच्या आसपास असतं. जो रेणू अंगातल्या उबेत आणि एन्झाइमांच्या गराड्यात इतका टिकतो, त्याला नुसत्या थंडीने फारसं काही होत नाही. थायरॉइडच्या मायक्रोसोमल अँटिबॉडींचं, म्हणजे आज आपण ज्यांना अँटी-टीपीओ म्हणतो त्यांचं, जुनं संदर्भ सीरम ६६/३८७ या क्रमांकाने ओळखलं जातं. त्यातले ६६ म्हणजे १९६६ साल. जगभरच्या किटांचं एकक कित्येक दशकं त्या कुप्यांवर बेतलेलं होतं. अर्थात ते सीरम निर्वात वाळवून काचेच्या कुपीत सीलबंद केलेलं होतं. तुमच्या स्नॅप-कॅपच्या नळीला तो मान देता येत नाही.

गोठवलेल्या द्रव सीरमचाही एक मोठा दाखला आहे. २००३ मध्ये ल्युपसवरचा एक गाजलेला अभ्यास आला. अमेरिकन सैन्याच्या सीरम-भांडारात सैनिकांचे नमुने मायनस ३० वर साठवलेले असतात. पुढे ज्यांना ल्युपस झाला अशा १३० जणांच्या जुन्या नळ्या संशोधकांनी शोधून काढल्या. त्यांपैकी ११५ जणांत निदानाच्या आधीच्या नमुन्यात किमान एक ऑटोअँटिबॉडी सापडली. सगळ्यात जुनी निदानाआधी ९.४ वर्षांची होती आणि सरासरी अंतर ३.३ वर्षं होतं. बहुतेक लोक हा अभ्यास 'रोगाआधी अँटिबॉडी येते' यासाठी वाचतात. साठवणुकीचं काम करणाऱ्याने तो वेगळ्या नजरेने वाचावा. जितकं मागे जावं तितक्या अँटिबॉडी कमी सापडतात, हे तर नळी जुनी झाली म्हणूनही होऊ शकलं असतं. मग त्यावर विश्वास का ठेवायचा? एक कारण असं की सगळ्या अँटिबॉडी एकाच वेगाने मागे पडत नाहीत. ल्युपसमध्ये दिसणाऱ्यांपैकी एएनए आणि अँटी-आरओ बरीच आधी दिसतात, अँटी-एसएम आणि अँटी-आरएनपी निदानाच्या जवळ येतात. फ्रीझरने खाल्लं असतं तर सगळ्या आयजीजींना साधारण सारखंच खाल्लं असतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: तुलनेची सीरमं त्याच भांडारातली होती. शिबिराच्या वाक्यावर मी अडलो तो याच कारणाने.

आता मायनस २० बद्दल. या तापमानाला आपण 'गोठलेलं' म्हणतो, पण मीठ आणि पाणी यांचं मिश्रण पूर्ण घट्ट व्हायला मायनस २१.१ लागतं. म्हणजे मायनस २० वरच्या नळीत बर्फाच्या कणांमधून खारट, प्रथिनांनी दाट झालेला द्रव थोडा का होईना शिल्लक असतो आणि त्यात रासायनिक हालचाल अगदी हळू चालू राहते. त्यात विभागातला फ्रीझर जर फ्रॉस्ट-फ्री असेल तर तो बर्फ साचू नये म्हणून स्वतःच ठरावीक वेळाने भिंती तापवतो. दाराजवळच्या लहान नळ्या त्या प्रत्येक वेळी थोड्या मऊ पडतात. कागदावर एकदाही न वितळलेला नमुना प्रत्यक्षात शेकडो वेळा अर्धवट वितळलेला असू शकतो. म्हणून पहिलं काम म्हणजे फ्रीझरचा मॉडेल क्रमांक बघा आणि तो फ्रॉस्ट-फ्री आहे का ते शोधा. तापमानाच्या तक्त्यावर फार विसंबू नका. रोज सकाळ-संध्याकाळ एकाच शाईत, एकाच बसणीत 'मायनस २०' लिहिलेले तक्ते मी पुष्कळ पाहिलेत. ज्या गावात उन्हाळ्यात चार-चार तास लाइट जाते तिथला तक्ता सरळ रेषेत असेल तर तो फ्रीझरचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे.

पण एवढं होऊनही आयजीजीची पकड सहसा टिकते. घोळ होतो तो दोन गोष्टींनी: पाणी आणि गुठळ्या.

पाणी आधी. नमुना गोठताना बर्फ शुद्ध पाण्याचा बनतो आणि प्रथिनं-क्षार उरलेल्या द्रवात ढकलले जातात. वितळताना दाट भाग खाली बसतो. न ढवळलेलं ताक ठेवल्यावर वर निवळ आणि खाली दाट होतं, तसंच. फरक इतकाच की ताकात ते डोळ्यांना दिसतं आणि सीरममध्ये नेहमी दिसतंच असं नाही. तंत्रज्ञाने वितळलेल्या नळीच्या वरच्या भागातून पिपेटने १० मायक्रोलिटर घेतले तर अँटिबॉडी कमी भरते. तळातून घेतले तर जास्त. 'साठवणुकीने टायटर (अँटिबॉडीचं मोजमाप) घसरला' असं ज्या प्रकरणांत म्हटलं जातं त्यातली बरीचशी, माझ्या मते, नीट न मिसळलेल्या नळीची असतात. उपाय फुकटचा आहे: नळी पूर्ण वितळू द्या, मग आठ-दहा वेळा सावकाश उलटी-सुलटी करा, मग हलकं सेंट्रिफ्यूज करून झाकणावरचे थेंब खाली आणा. व्होर्टेक्सवर (नळी गरगर हलवणाऱ्या यंत्रावर) फेस येईपर्यंत धरू नका. हवेच्या आणि द्रवाच्या सीमेवर प्रथिनं उलगडतात आणि गुठळ्या होतात.

पाण्याचा दुसरा घोळ म्हणजे ते उडून जाणं. मायनस २० वरही बर्फ थेट वाफ होऊन निसटतो, हे घरच्या फ्रीझरमधल्या आक्रसलेल्या मटारांनी आपल्याला शिकवलेलं असतं. दोन मिलिलिटरच्या नळीत २०० मायक्रोलिटर सीरम, वर भरपूर मोकळी जागा आणि ओ-रिंग नसलेलं झाकण, असं सहा वर्षं राहिलं की सीरम आटतं आणि अँटिबॉडीचा आकडा वाढतो. बहुतेकांना साठवणुकीने आकडा घटेल अशी भीती असते. इथे तो फुगतो आणि काठावरचा निगेटिव्ह पॉझिटिव्ह होऊन बसतो.

हे पकडायची सोपी वाट आहे. सोडियम मोजा. सोडियम हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, तुटत नाही, कुठे जात नाही. जिवंत माणसाच्या सीरममध्ये ते १३५ ते १४५ मिलीमोल प्रतिलिटरच्या दरम्यान असतं. सहा वर्षांच्या नळीत १६५ आलं तर त्या नळीतलं सुमारे सातवा हिस्सा पाणी गेलंय असं समजा. एकूण प्रथिन किंवा एकूण आयजीजी मोजलंत तरी अंदाज येतो, पण ल्युपसमध्ये आयजीजी मुळातच वाढलेलं असतं, म्हणून मला सोडियम जास्त भरवशाचं वाटतं. बायोकेमिस्ट्रीच्या मशिनवर त्याला जेमतेम काही मायक्रोलिटर लागतात. ज्या नळ्यांचं सोडियम मर्यादेबाहेर आहे त्या वगळा. आकड्याला गुणून-भागून दुरुस्त करायचा मोह होतो, पण एकाच नळीत आटणं आणि थर पडणं दोन्ही झालेलं असेल तर ती दुरुस्ती चुकीचीच निघते.

आता गुठळ्या. गोठणं-वितळणं, जास्त तापमान आणि फेस यांनी आयजीजीचे रेणू एकमेकांना चिकटतात. अशी चिकटलेली आयजीजी चाचणीच्या प्लेटवर कुठेही बसते आणि पार्श्वभूमीचं रीडिंग वाढवते. एएनएच्या स्लाइडवर पेशींबाहेर चमकणारा कचरा दिसतो तो पुष्कळदा हाच, किंवा चरबीचा. वितळलेली नळी १०,००० जी (गुरुत्वाच्या दहा हजार पट) वर पाच-दहा मिनिटं फिरवून वरचं स्वच्छ सीरम वापरलं तर हा त्रास बराच कमी होतो, मात्र एका अपवादासह. त्या अपवादाकडे पुढे येतो.

उष्णतेबद्दल एक गोष्ट आवर्जून विचारा: तुमच्याकडे नमुने ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून ठेवायची पद्धत होती का? पूर्वी एचआयव्हीच्या भीतीने आणि नंतर कोविडच्या काळात अनेक प्रयोगशाळांनी सरसकट सीरम तापवलं. तापवलेल्या सीरममध्ये अँटी-कार्डिओलिपिन (एका चरबीविरुद्धची ऑटोअँटिबॉडी) खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, हे जुनं आणि चांगलं माहीत असलेलं आहे. आरएफच्या चाचणीतही तापवलेली, गुठळी झालेली आयजीजी लुडबुड करते, कारण आरएफ चिकटतो तो आयजीजीलाच. असे नमुने नोंदीत सापडले तर या दोन चाचण्यांसाठी ते बाजूला ठेवा.

सगळ्या ऑटोअँटिबॉडी मात्र एका मापाने मोजता येत नाहीत. तुमच्या यादीत अँटी-सीसीपी सगळ्यात सुखरूप आहे. ती प्रामुख्याने आयजीजी, आणि ऱ्हुमॅटॉइडमध्ये पातळी बहुधा कट-ऑफच्या (पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या सीमारेषेच्या) खूप वर असते. एएनएचं म्हणाल तर चाचणीच इतकी ढोबळ आहे की साठवणुकीचा लहानसा फरक तिच्यात दिसणारच नाही. आपण सीरम १:८०, १:१६०, १:३२० असं दुपटीने पातळ करतो, आणि एका पायरीचा फरक तर एकाच दिवशी दोन वाचकांमध्ये पडतो. पंधरा टक्के आटलेलं सीरम त्या पायऱ्यांमध्ये हरवून जातं. फक्त पेशी चमकण्याच्या दोन तऱ्हांचं (पॅटर्नचं) मिश्रण असलेल्या सीरममध्ये, म्हणजे ठळक स्पेकल्डच्या (ठिपक्यांच्या) खाली क्षीण न्यूक्लिओलर वगैरे, क्षीण भाग आधी नाहीसा होतो. पॅटर्न बदलल्यासारखा वाटला तर ते लक्षात ठेवा.

अँटी-डीएसडीएनएशी जरा जपून. ल्युपसमध्ये या अँटिबॉडी काही घट्ट पकडीच्या, काही सैल पकडीच्या असतात. क्रिथिडिया या एकपेशीय जीवाच्या स्लाइडवर आणि 'फार' (Farr) नावाच्या पद्धतीत मुख्यतः घट्ट पकडीच्या दिसतात. एलायझा ही प्लेटवरची रंगचाचणी सैलही पकडते. काठावरचे एलायझा पॉझिटिव्ह साठवणुकीनंतर इकडे-तिकडे होतात ते बहुतेक या सैल गटातले. शिवाय काढलेल्या रक्ताची गुठळी होताना पांढऱ्या पेशी फुटून डीएनए सीरममध्ये उतरतो. नळी रात्रभर गुठळीवर तशीच ठेवली तर तो वाढतो, आणि अँटी-डीएनए असलेल्या सीरममध्ये मोकळा डीएनए येणं म्हणजे चाचणीआधीच अँटिबॉडीच्या काही जागा भरणं. म्हणजे अँटी-डीएसडीएनएसाठी फ्रीझरमधल्या सहा वर्षांइतकेच फ्रीझरच्या आधीचे सहा तास महत्त्वाचे.

त्या सहा तासांचा माग आजही काढता येतो. पोटॅशियम आणि ग्लुकोज मोजा. रक्त न फिरवता ठेवलं तर पेशी ग्लुकोज खात राहतात. फ्रिजमध्ये ठेवलं तर पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप थांबतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. ज्या नळीत ग्लुकोज ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि पोटॅशियम ८ मिलीमोल प्रतिलिटर निघेल, ती बहुधा गुठळीवर बराच वेळ बसून राहिली होती. रक्तपेशी फुटल्या असतील तरी पोटॅशियम चढतं, म्हणून सीरमचा लालसरपणाही सोबत नोंदवा. अँटिबॉडीचा एकही किट न उघडता नमुन्याचा पूर्वेतिहास कळवणाऱ्या या तीन स्वस्त चाचण्या आपल्याकडे फारसं कुणी करत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आणि आरएफ. हा तुमच्या यादीतला सगळ्यात नाजूक गडी. आपण नेहमी मोजतो तो आयजीएम वर्गाचा, म्हणजे पाच तुकड्यांचा अवजड रेणू, वजनाने आयजीजीच्या सहापट. गोठण्या-वितळण्यात तो आयजीजीपेक्षा लवकर गुठळतो. पण त्याहून मोठी भानगड मिश्र क्रायोग्लोब्युलिनची आहे. त्यातल्या दुसऱ्या प्रकारात एकसुरी, म्हणजे एकाच पेशीवंशाचं, आयजीएम असतं आणि त्याचाच गुण आरएफचा असतो. हे थंडीत साका होऊन खाली बसतं. असं रक्त साध्या तापमानाला गुठळी होऊ देऊन फ्रिजमध्ये ठेवलं की आरएफचा मोठा हिस्सा गुठळीत आणि तळाच्या साक्यात जातो. आपण वरचं निवळ सीरम उचलतो आणि आरएफ निगेटिव्ह लिहितो. मघाशी सांगितलेला अपवाद हा. वितळलेल्या नळीत पांढरट साका दिसला तर लगेच फिरवून टाकू नका. आधी ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. साका विरघळला तर क्रायोग्लोब्युलिनचा संशय घ्या आणि त्या रुग्णाचं रक्त नव्याने, गरम केलेल्या नळीत, ३७ वर गुठळी होऊ देऊन आणि ३७ वरच फिरवून घ्या. विरघळला नाही तर तो फायब्रिन (गुठळीचे तंतू) किंवा चरबी-प्रथिनांचा गाळ. तो फिरवून काढायला हरकत नाही. आरएफ जर टर्बिडिमेट्रीने करत असाल तर गढूळ नमुना तसाही चालणार नाही, ती पद्धत गढूळपणाच मोजते.

आता तुमच्या शिबिराकडे. रुग्ण सहा वर्षं जुने, निरोगी माणसं या महिन्यातली. वर सांगितलेला प्रत्येक घोळ फक्त एका गटात झालेला असणार. रुग्णांच्या नळ्या आटल्या असतील तर रुग्णांचे आकडे फुगतील आणि तुम्हाला रोगाचा परिणाम दिसेल. त्या गुठळल्या असतील तर पार्श्वभूमी वाढेल, पुन्हा रोगाचाच परिणाम दिसेल. घसारा झाला असेल तर खरा फरक झाकला जाईल. कुठलंही सांख्यिकी सॉफ्टवेअर हे वेगळं काढून देऊ शकत नाही, कारण 'जुना' आणि 'रुग्ण' हे दोन रकाने तुमच्या तक्त्यात हुबेहूब सारखे आहेत. दोन्ही गट सारखेच खराब झालेले असते तर फार तर संबंध कमकुवत दिसला असता, ते परवडतं. एकच गट खराब होणं परवडत नाही.

शिबिराचा आणखी एक तोटा आहे. आपल्याकडे रक्तदाते बहुतांशी पुरुष, आणि ल्युपसचे रुग्ण दहात नऊ बायका. निरोगी माणसांतही १:८० ला सुमारे १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के एएनए पॉझिटिव्ह मिळतात असं १९९७ च्या एका बहुदेशीय अभ्यासात दिसलं होतं. हे प्रमाण लिंग-वयाशी निगडित असल्याने नियंत्रण गट (तुलनेचा निरोगी गट) कोण आहे यावर तुमचं निम्मं उत्तर ठरतं.

मग करायचं काय? त्याच काळातली, त्याच प्रकारच्या फ्रीझरमध्ये राहिलेली सीरमं शोधा. मेडिकल कॉलेजात ती असतातच. सर्जरीआधीच्या तपासण्यांचं उरलेलं, गर्भवतींच्या तपासणीचं, दुसऱ्या कुणाच्या थिसिसचं. एखाद्या सहकाऱ्याने २०१८ मध्ये व्हिटॅमिन डी वर काम केलं असेल तर त्याचा नियंत्रण गट तुमच्यासाठी सोन्याचा आहे. अर्थात ज्या कामासाठी ते रक्त घेतलं होतं त्यापेक्षा हे काम वेगळं, त्यामुळे संमतिपत्रात पुढच्या वापराची परवानगी आहे का ते पाहून एथिक्स कमिटीकडे जावं लागेल. साठवलेल्या जैविक नमुन्यांबद्दल आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतंत्र विवेचन आहे. कमिटीसमोर जाताना ते वाचूनच जा. असा गट मिळाला की रुग्ण आणि नियंत्रण यांच्या जोड्या लावा: साठवणुकीचं वर्ष सारखं आणि किती वेळा वितळलं तो आकडा शक्य तितका सारखा. प्रत्येक जोडी एकाच प्लेटवर, शेजारी-शेजारी.

तुमच्या गाईडनी सुचवलेला पर्याय, म्हणजे त्याच रुग्णांना बोलावून ताजं रक्त घ्यायचं आणि जुन्याशी ताडून बघायचं, यात मला अर्थ वाटत नाही. सहा वर्षांत त्यांनी स्टिरॉइड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, कदाचित रिटक्सिमॅबही घेतलेलं आहे. अँटी-डीएसडीएनए तर रोगाच्या चढ-उताराबरोबर महिन्यागणिक हलते. त्या तुलनेतून उपचाराचा परिणाम कळेल, फ्रीझरचा नाही. २०१८ चे छापील रिपोर्ट घेऊन आजच्या आकड्यांशी ताडणंही तसंच फसवं आहे. किटचा लॉट बदललेला असतो, कधी कंपनी, कधी अँटिजेनची पिढीच.

फ्रीझरचा परिणाम खरोखर मोजायचा असेल तर एक सुबक रचना आहे, आणि तिला फार खर्च येत नाही. ताज्या सीरमचे प्रत्येकी आठ-दहा लहान अलिकॉट (वेगळ्या नळ्यांत वाटलेले भाग) करा आणि सगळे मायनस ८० वर ठेवा. मग वेळापत्रकाने एकेक अलिकॉट तिथून काढून परीक्षेच्या स्थितीत हलवा: एक सहा महिने आधी मायनस २० वर, एक तीन महिने आधी, एक महिनाभर आधी फ्रिजमध्ये, एक दोन दिवस बाकावर, एकाला पाच वेळा गोठवून-वितळवून. सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपेल असं बसवा. त्या दिवशी सगळे अलिकॉट, मायनस ८० वर न हललेल्यासकट, एकाच प्लेटवर चालवा. नेहमीच्या रीतीने दर महिन्याला एक प्लेट चालवली की प्लेट-प्लेटमधला फरक आणि साठवणुकीचा फरक एकमेकांत मिसळतात. या रचनेत तो गुंता राहत नाही.

इथे सीरमांची निवड निर्णायक आहे. बहुतेक जण जोरदार पॉझिटिव्ह सीरम घेतात आणि 'काही फरक पडला नाही' असं लिहितात. किटची वरची मर्यादा २०० एककं असेल आणि सीरममध्ये खरी पातळी ९०० असेल, तर अर्धी अँटिबॉडी नष्ट झाली तरी मशिन '२०० पेक्षा जास्त' असंच सांगणार. कट-ऑफच्या थोडी वरची, थोडी खालची आणि मधल्या पट्ट्यातली सीरमं घ्या. जोरदार पॉझिटिव्ह घ्यायचंच तर मर्यादेत येईल इतकं पातळ करून मोजा. पण पातळ करायचं ते मोजण्याच्या दिवशी. पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या खाऱ्या द्रावणात) पातळ करून गोठवलेलं सीरम हा वेगळाच प्राणी आहे. गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच बराच घसरतो. प्रथिनांचं संरक्षणही पातळ झालेलं असतं. घरगुती कंट्रोल (पडताळणीचे ओळखीचे नमुने) असे पातळ करून गोठवणाऱ्या प्रयोगशाळा नंतर लॉटला दोष देत बसतात.

किती फरक हा खरा फरक मानायचा, हेही आधी ठरवा. तुमच्या चाचणीचा स्वतःचा सीव्ही (तोच नमुना पुन्हा पुन्हा मोजल्यावर पडणारा फरक) ८ टक्के असेल तर एकेकदा मोजलेल्या दोन आकड्यांत २.७७ गुणिले ८, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो. त्याच्या आतल्या घसरणीला 'साठवणुकीचा परिणाम' म्हणू नका. वीस सीरमांत मात्र सगळ्याच १० टक्क्यांनी एकाच दिशेला सरकल्या असतील तर तो परिणाम आहे. तिथे एकेक नळी न पाहता सगळ्यांचा कल पाहायचा.

पुढच्या साठवणुकीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे बहुतेक सगळ्यांना माहीत असतं आणि तरी होत नाही. रक्ताची अर्धा ते एक तास गुठळी होऊ द्या, फिरवा, जेलच्या नळीतून सीरम काढा. जेलसकट गोठवू नका. ०.५ मिलिलिटरच्या ओ-रिंगवाल्या स्क्रू-कॅप नळ्यांत १००-२०० मायक्रोलिटरचे अलिकॉट करा, म्हणजे एक नळी एकदाच उघडायची. महिन्यांपुरतं असेल तर साधा, फ्रॉस्ट-फ्री नसलेला मायनस २० चालतो. वर्षांचा हिशेब असेल तर मायनस ८०. फ्रिजमध्ये आठवडाभर आयजीजीला काही होत नाही, पण थंडीतही वाढणारे जीवाणू असतात आणि त्यांची प्रोटिएझं अँटिबॉडी तोडतात. सोडियम अझाइड घातलं तर जीवाणू थांबतात, मात्र ते एचआरपी या रंग आणणाऱ्या एन्झाइमलाही मारतं; एलायझाच्या बफरात ते जाता कामा नये. लाइट जाण्याची नोंद ठेवणारा लॉगर परवडत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवा. सुट्टीनंतर नाणं बर्फाच्या पोटात दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे. अर्धवट मऊ पडणं त्यातून कळत नाही, पण ज्या विभागात काहीच नाही तिथे एवढंही पुष्कळ.

नांदेड-चंद्रपूरहून पुण्या-मुंबईला नमुने पाठवत असाल तर मे महिन्यात थर्माकोलच्या डब्यात नुसते जेल पॅक दुसऱ्या दिवसापर्यंत पुरतीलच असं धरू नका. ड्राय आइसवर पाठवत असाल तर झाकणं घट्ट हवीत. कार्बन डायऑक्साइड सैल झाकणातून आत शिरतो आणि वितळताना नमुना आम्ल होतो. पोचल्यावर लगेच न वितळवता नळ्या एक दिवस मायनस ८० वर राहू दिल्या तर तो वायू बराच निघून जातो.

राहिलेले दोन प्रश्न. सी३-सी४ या सीरमवर करू नका. सी३ साठवणुकीत तुटतो, आणि त्याचा सी३सी हा तुकडा काही पद्धतींमध्ये मूळ रेणूपेक्षा जास्त रीडिंग देतो. सक्रिय ल्युपसच्या रुग्णात सी३ नॉर्मल दिसण्याइतकं फसवं दुसरं काही नाही. ल्युपस अँटिकोआग्युलंट तर सीरमवर होतच नाही, ती रक्त गोठण्याची चाचणी आहे; तिला सायट्रेट प्लाझ्मा (सायट्रेट घालून गोठू न दिलेल्या रक्ताचा द्रव) लागतो. तो नव्याने घ्याल तेव्हा गोठवण्याआधी दोनदा सेंट्रिफ्यूज करा, प्लेटलेट दर मायक्रोलिटरला दहा हजारांच्या खाली यायला हव्यात. राहिलेल्या प्लेटलेट फ्रीझरमध्ये फुटतात, त्यांचं फॉस्फोलिपिड बाहेर येतं, अँटिबॉडी त्यालाच चिकटून बसते आणि चाचणी निगेटिव्ह येते. वितळवताना ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाचेक मिनिटं, मग मिसळा आणि लगेच चालवा.